सर आणि सिनेटची मतपत्रिका

आमच्या शाळेतले गणिताचे सर विद्यापीठाच्या सिनेटबद्दल ज्या जिव्हाळ्यानं बोलत, त्या जिव्हाळ्यानं बाकीची माणसं मुलीच्या सासरबद्दल बोलतात. तिथे कोण बसलंय, कोण कुणाचं ऐकतं, यंदा कोण नवं आलं, सगळं त्यांना ठाऊक असे. स्वतः मात्र ते तोपर्यंत विद्यापीठाच्या इमारतीत एकदाच गेले होते, आणि तेही पदवी घ्यायला.

मी कल्याणच्या त्या शाळेत सायन्स शिकवायला लागले तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत सर माझ्या टेबलापाशी आले. घर कुठे, वडील काय करतात, असं काहीतरी विचारतील म्हणून मी उभी राहिले.

"बाई, तुम्ही पदवीधर ना?"

"हो. बी.एस्सी."

"नाव नोंदवलंत?"

मला वाटलं, शाळेच्या मस्टरबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, हेडमास्तरांनी कालच नोंदवलं. त्यावर ते समोरची खुर्ची ओढून बसले आणि सुट्टी संपेपर्यंत बोलत राहिले. विद्यापीठाचा कारभार सिनेट नावाची सभा बघते. तिच्यातले काही सभासद सरकार नेमतं, काही कॉलेजांकडून येतात, आणि काही जागा आपल्यासारख्या पदवीधरांनी मतं देऊन भरायच्या असतात. नुसती पदवी असून मात्र भागत नाही. अर्ज करून, फी भरून विद्यापीठात नाव नोंदवावं लागतं, मग निवडणुकीच्या वेळी मतपत्रिका पोस्टानं घरी येते. मुंबईतले लोक नावं नोंदवतात, सर म्हणाले, आणि आपल्याकडचे लोक पदवीला फ्रेम करून भिंतीला लावतात.

माझीही पदवी फ्रेममध्येच होती. ज्यांनी माझ्या परीक्षा घेतल्या त्यांच्या डोक्यावर कोण बसावं हे ठरवायचा मला हक्क आहे, ही गोष्ट मला फार मजेची वाटली. त्याच महिन्यात मी नाव नोंदवलं.

सरांना हा नाद लागला त्याला एक मॅट्रिकचा पेपर कारण झाला होता. तेव्हा मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठच घेई. एका वर्षी भूमितीच्या पेपरात असा त्रिकोण आला की ज्याच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा आखूड होत्या. असा त्रिकोण जगात काढता येत नाही. पोरं तो काढत बसली आणि वेळ गमावून बसली. सरांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की आपलं पत्र योग्य त्या मंडळापुढे ठेवण्यात येईल. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. सरांनी परत पत्र टाकून विचारलं, की हे मंडळ कोण नेमतं. मंडळ नेमणाऱ्यांना कोण नेमतं, हे पुढच्या पत्रात विचारलं. असं वर वर चढत गेल्यावर शेवटी त्यांना कळलं की सगळ्यांत वरच्या पायरीवर काही जागा अशा आहेत की त्या भरणाऱ्यांत ते स्वतः असू शकतात. ते आम्हाला सांगताना अजूनही त्यांचा चेहरा आश्चर्यानं उजळायचा. "म्हणजे तो त्रिकोण थोडासा माझाही होता," ते म्हणायचे.

ते राहायला डोंबिवलीला होते, स्टेशनापासून जवळच्या एका चाळीत, मागच्या बाजूला परसाचा लहानसा तुकडा असलेल्या दोन खोल्यांत. सकाळी ते रुळांच्या कडेकडेनं ठाकुर्लीवरून चालत कल्याणला येत आणि संध्याकाळी गाडीनं परत जात. मी एकदा विचारलं की उलटं का करत नाही, सकाळी ताजेतवाने पोचाल. ते म्हणाले, सकाळी विचार करण्याजोगं डोकं असतं ते बसून वाया कशाला घालवायचं. बारा महिने काळा कोट, बारा महिने छत्री. खडूची पूड कोटाच्या उजव्या खिशाभोवती कायमची बसलेली होती, कारण खडू ते खिशातच ठेवत.

वर्गात मॉनिटर नेमायचा अधिकार वर्गशिक्षकाचा असे. सर तो वापरत नसत. मुलांनी उमेदवारांपुढे पहिला, दुसरा, तिसरा असे पसंतीचे आकडे लिहायचे आणि सरांनी फळ्यावर मोजणी करायची. यात पूर्ण तास जाई. मुलं खूश असत, कारण तेवढंच गणित चुकायचं. त्यांना कळत नसे की ते गणितच चाललंय. एका वर्षी एक अबोल, चष्मेवाला मुलगा निवडून आला. त्याला पहिला आकडा थोड्याच मुलांनी दिला होता, पण दुसरा जवळजवळ सगळ्यांनी. दांडगोबांचे दोन तट आपापसांत भांडून संपले आणि हा वर राहिला. हेडमास्तरांना तो मुलगा अगदीच मवाळ वाटला. सर त्यांना म्हणाले, पहिली पसंती नात्यागोत्यानं ठरते, माणूस विचार करायला लागतो तो दुसऱ्या पसंतीपासून.

घरीही तेच. रविवारी जेवायला बोलावलं की पाटावर बसण्याआधी भाजीची निवडणूक होई. सर, काकू, दोन मुली आणि पाहुणा, सगळ्यांनी पसंतीक्रम सांगायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा मी मोठ्या गांभीर्यानं बटाटा, वांगी, तोंडली असा क्रम लावला. काकू चुलीपुढून शांतपणे म्हणाल्या, "निवडून कुणीही येऊ दे गं. मांडवावर पडवळ आहे." आणि आम्ही पडवळच खाल्लं. सरांनी निकाल मात्र रीतसर जाहीर केला.

पदवीधर शोधून काढायचा त्यांना छंदच होता. कोपरला शेतकऱ्यांच्या एका घरातला मुलगा बी.ए. झाला, गावातला पहिलाच, आणि ठाण्याला कलेक्टर कचेरीत लागला, असं त्यांच्या कानावर आलं. सर एका दुपारी छत्री घेऊन भातखाचरांच्या बांधावरून कोपरला गेले. मुलगा कचेरीत होता. अंगणात त्याची आई मासळी वाळत घालत होती. काळ्या कोटातला मास्तर मुलाचं नाव घेऊन चौकशी करतोय म्हटल्यावर ती घाबरली.

"पोरान काय केला, मास्तर?" तिनं विचारलं.

सरांनी तिला सांगितलं की त्यानं काही केलेलं नाही, तेच सांगायला आलोय. मग तिथेच ओट्यावर बसून त्यांनी तिला मत कसं द्यायचं ते समजावलं. त्यांचा दाखला आम्हा सगळ्यांना पाठ होता. विरजण मागायला पोराला पाठवताना आपण काय सांगतो, पलीकडच्या काकूंकडे बघ, त्यांच्याकडे नसलं तर वरच्या वहिनींकडे जा, तिथेही नसलं तर कोपऱ्यावरच्या आजींकडे. पोरानं रिकामी वाटी घेऊन परत येऊ नये. ही मतपत्रिका तशीच आहे. एकापुढे एकचा आकडा लिहायचा, दुसऱ्यापुढे दोनचा, असं जमेल तितकं लिहीत जायचं. पहिला माणूस लागतात त्याहून जास्त मतं मिळवून बसला, किंवा सगळ्यांच्या खाली राहून बाद झाला, तर तुमचं मत तिथून उठून दुसऱ्याकडे जातं. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की वाटी तर समजली, पण यात आमच्या पोराला विरजण काय मिळणार. सर आम्हाला म्हणाले, हा प्रश्न विद्यापीठात अजून कुणी विचारलेला नाही. मुलानं पुढे नाव नोंदवलं. सर परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून आणि हातात सुक्या बोंबलांचा वाटा घेऊन. घरी मासळी चालत नव्हती, म्हणून तो त्यांनी आमच्या शिपायाला दिला.

तुम्ही स्वतः का उभे राहत नाही, असं त्यांना सगळेच विचारत. ते म्हणत, उभं राहायचं म्हणजे मतं मागायची. मी मुलांना मार्क मागू देत नाही.

मी नोकरीला लागल्याला काही वर्षं झाली आणि सिनेटची निवडणूक आली. त्या वेळी आमच्या शाळेचे चेअरमनच उभे राहिले.

चेअरमन ठाण्याचे नावाजलेले वकील होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलावं असं माझ्याकडे काही नाही. शाळेची प्रयोगशाळा त्यांनी खटपटी करून उभी केली होती. माझ्या हातातल्या काचेच्या नळ्या त्यांच्यामुळे आल्या होत्या. त्यांना सिनेटवर जायचं होतं ते एका कारणासाठी. तेव्हा ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही कॉलेज नव्हतं. मुलगे कसेबसे मुंबई गाठत, पण मुलींना रोज तेवढं लांब पाठवायला बहुतेक घरं तयार नसत. माझ्या वर्गातल्या हुशार मुली मॅट्रिकनंतर घरी बसत आणि मग लग्नाच्या पत्रिकेतच त्यांचं नाव पुन्हा दिसे. आपल्या भागातला माणूस सिनेटवर असेल तर कॉलेजची गोष्ट निदान कुणीतरी काढेल, असं चेअरमन म्हणत. सरांनाही ते पटत होतं. त्यांची थोरली मुलगी मुंबईला कॉलेजात जात होती आणि धाकटी मॅट्रिकला बसणार होती.

शिक्षकांची सभा झाली. चेअरमननी कॉलेजबद्दल सांगितलं, सगळ्यांना पटलं. मग ते म्हणाले की मतपत्रिका आली की सोबतच्या कागदावर सही तेवढी करा आणि पत्रिका कोरीच आमच्या कारकुनाकडे द्या. आकडे आम्ही घालू. मुंबईतल्या एका बड्या उमेदवाराशी ठरलं होतं, आपल्या लोकांची दुसरी पसंती त्याला आणि त्याच्या लोकांची दुसरी पसंती आपल्याला. प्रत्येकानं आपल्या मनानं लिहिलं तर गोंधळ होईल. तेव्हा असं सर्रास चाले आणि कुणाला त्यात विशेष काही वाटत नसे.

सर उठले. त्यांचा आवाज वर्गात असे तसाच होता.

"साहेब, तुम्ही चांगले उमेदवार आहात. पण ते मला ठरवू द्या. माझी पत्रिका मी भरणार."

चेअरमन हसून म्हणाले की तुम्ही भरा हो, फक्त पहिले दोन आकडे आम्ही सांगतो तेवढे घाला. सर म्हणाले, मग माझ्या हाताला कशाला त्रास. कुणीतरी दबकं हसलं. चेअरमनचा चेहरा उतरला आणि हेडमास्तरांनी घाईनं चहा मागवला.

सभा सुटल्यावर हेडमास्तरांनी सरांना बाजूला घेतलं. पुढच्या वर्षी सरांची निवृत्ती होती. त्यानंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे मॅनेजिंग कमिटी ठरवणार होती, आणि कमिटी म्हणजे चेअरमन. दोन मुलींची शिक्षणं आहेत, जरा विचार करा, असं ते म्हणाले. सरांनी विचार करतो म्हणून सांगितलं, आणि तो केलाही असणार, कारण पुढचा आठवडाभर ते संध्याकाळीसुद्धा चालत घरी गेले.

माझी पत्रिका आली ती मी त्याच दिवशी भरून टाकली. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. इतकी नावं, प्रत्येकाचं काय चांगलं, काय वाईट, कुणाच्या पुढे कोण, हे लावत बसायला मला कोड्यासारखं आवडलं. कारकून आला तेव्हा लिफाफा पोस्टात पडलेला होता. बाकीच्या शिक्षकांनी कोऱ्या पत्रिका दिल्या. कारकून सरांकडे डोंबिवलीलाही गेला होता. सरांनी त्याला बसवून घेतलं, चहा दिला, विरजणाचा दाखला दिला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

मोजणी जवळ आली त्या रविवारी मी सरांकडे जेवायला होते. जेवणं उरकली होती. काकू उष्टी काढत होत्या, तोच दारात चेअरमन उभे. ठाण्याहून एकटेच आले होते. सरांनी त्यांना खुर्ची दिली. चेअरमन थोडा वेळ घाम पुसत राहिले आणि मग सरळ मुद्द्यावर आले. मोजणीच्या वेळी उमेदवाराचे दोन प्रतिनिधी हजर राहू शकतात. माझ्या हाताखालच्या वकिलांना कायदा येतो, ते म्हणाले, पण ही मतं इकडून तिकडे जातात आणि अपूर्णांकात जातात, ते त्यांच्या डोक्यावरून जातं. माझ्या ओळखीत हे समजणारा माणूस एकच आहे.

मला तेव्हा कुतूहल एवढंच होतं की ते काय म्हणतील.

"मी तुम्हाला मत दिलं का, असं विचारणार का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"तिथे जे दिसेल ते मी सांगेन. तुमच्या बाजूचं असो, नसो."

"साक्षीदाराला मी एवढं कबूल करूनच पिंजऱ्यात बोलावतो," चेअरमन म्हणाले.

सरांनी होकार दिला आणि दुसरी प्रतिनिधी म्हणून माझं नाव सुचवलं. कारण काय तर या बाईंनी पत्रिका स्वतः भरली आहे.

मोजणी विद्यापीठाच्या एका मोठ्या दालनात होती. लांबच लांब टेबलं, त्यांच्यावर लाकडी खण, प्रत्येक खणावर एका उमेदवाराचं नाव. कारकून पत्रिका उघडत आणि खणात टाकत. सरांनी धुतलेला कोट घातला होता. चुकूनही कशाला हात लागू नये म्हणून ते दोन्ही हात पाठीमागे बांधून टेबलाच्या कडेनं फिरत. देवळात प्रदक्षिणा घालणारी माणसंही मी इतकी तल्लीन पाहिलेली नाहीत. चेअरमन बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते.

पहिली पसंती मोजून झाली तेव्हा चेअरमनचा खण बऱ्यापैकी भरला होता, पण निवडून यायला कमी पडत होता. मुंबईचा तो बडा उमेदवार मात्र पहिल्याच फेरीत आला, आणि त्याला लागत होती त्याहून खूप जास्त मतं मिळाली होती. ती जास्तीची मतं आता दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जाणार होती. ठरल्याप्रमाणे ती आमच्या खणात यायला हवी होती. कारकून एकेक पत्रिका बघून बाजूला टाकू लागला. आमच्या खणात काही पडेना. पत्रिका शेजारच्या एका खणात पडत होत्या. सर वाकून बघत राहिले. मग माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, हे दोनचे आकडे बघा. सगळे एकाच हातचे आहेत."

मी पाहिले. त्या उमेदवारानंही कोऱ्या पत्रिका गोळा केल्या होत्या आणि आपल्या माणसांकडून भरून घेतल्या होत्या. फक्त दोनचा आकडा त्यानं आमच्या चेअरमनपुढे न घालता तिसऱ्याच कुणापुढे घातला होता. तसाच सौदा त्यानं आणखी कुणाशी केला होता, आणि तो पाळला होता.

सर बाहेर गेले. मीही मागे गेले. सरांनी जे दिसलं ते सांगितलं. चेअरमननी विचारलं, मोजणीत काही चूक? सर म्हणाले, चूक नाही. चेअरमननी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं उगीचच पुसत बसले.

पुढे काही फेऱ्या आमचा खण टिकला आणि मग सगळ्यांत खाली आला. बाद झालेल्या उमेदवाराच्या पत्रिका आता पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या होत्या. या आमच्या पत्रिका होत्या, कल्याणच्या, ठाण्याच्या. कारकुनानं पहिली उघडली. एकचा आकडा चेअरमनपुढे, दोनचा त्या बड्या उमेदवारापुढे, आणि तो तर आधीच निवडून आलेला. तीनचा आकडाच नव्हता. कारकून म्हणाला, संपली, आणि पत्रिका एका टोपलीत टाकली. दुसरी, संपली. तिसरी, संपली. आमच्या इतिहासाच्या बाई, ड्रॉइंगचे मास्तर, खुद्द हेडमास्तर, सगळे त्या टोपलीत जात होते. चेअरमनच्या कारकुनाला दोनच आकडे सांगितले होते, त्यानं दोनच घातले होते.

मधूनच एखादी पत्रिका अशी निघे की तिच्यावर तीन, चार, पाच असे आकडे पुढे गेलेले असत, वेगवेगळ्या हातचे, कुठे वाकडे, कुठे खोडून परत लिहिलेले. ती पत्रिका टोपलीत न पडता दुसऱ्या एखाद्या खणाकडे जाई. त्यातल्या पुष्कळशा एका डॉक्टरबाईंच्या खणात पडल्या. त्यांत माझी होती का, सरांची होती का, की कोपरच्या त्या मुलाची, हे त्या घाईत मला काही ओळखता आलं नाही. मी सरांकडे पाहिलं. ते टोपलीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा काहीही भाव नव्हता. आजारी माणसाच्या खोलीत उभे असावेत तसे ते उभे होते.

डॉक्टरबाई अगदी शेवटच्या जागेवर, थोडक्यात निवडून आल्या.

व्हरांड्यात सरांनी चेअरमनना सगळं सांगितलं. तुम्ही भरलेल्या पत्रिका दोनावर संपल्या, ज्या लोकांनी स्वतः भरल्या त्या पुढे गेल्या, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं.

"त्या बाई कॉलेजबद्दल बोलतील का?" चेअरमननी विचारलं.

"विचारू या," सर म्हणाले.

आणि आम्ही तिघं खरोखरच गेलो. डॉक्टरबाईंभोवती हारतुरे घेऊन माणसं जमली होती. पडलेला उमेदवार स्वतः येऊन कॉलेजची गोष्ट काढतो, याचं त्यांना नवल वाटलं असावं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आमच्या भागातल्या किती मुली मॅट्रिक होतात ते मला विचारलं आणि बोलेन म्हणाल्या. त्या बोलल्याही. कॉलेज मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, आणि ते त्यांच्या बोलण्यानं आलं असं म्हणता येत नाही.

परतीच्या गाडीत ठाणं आलं तेव्हा चेअरमन उठले आणि सरांना म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज वेळेत द्या. सरांनी मान हलवली.

पण अर्ज त्यांनी दिला नाही. मी विचारलं तर म्हणाले, आता अर्ज केला तर मोजणीला गेलो ती त्याची मजुरी ठरेल. हेडमास्तरांनी दोनदा आठवण केली, चेअरमननी निरोप पाठवला. सर टाळत राहिले. मला ते एकीकडे पटत होतं आणि दुसरीकडे या माणसाचं आता कसं होणार ते कळत नव्हतं.

काय झालं ते मला काकूंनी सांगितलं. मी गेले तेव्हा त्या वाल सोलत बसल्या होत्या. सर घरात नव्हते. हेडमास्तरांच्या बायकोकडून काकूंना अर्जाची गोष्ट कळली होती. त्या दिवशी सर परसात मांडव बांधत होते, तिथे जाऊन त्या त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या होत्या.

"मी म्हटलं, भाजीला घरातल्या सगळ्यांची मतं घेता. नोकरी सोडताना एकाचं तरी विचारलंत का?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सुतळी हातात तशीच. बघत राहिले माझ्याकडे. इतक्या वर्षांत मी काही बोललेच नव्हते ना गं."

त्या संध्याकाळी सरांनी तिघींना बसवलं. अर्ज करावा की करू नये, आपलं म्हणणं काय आणि का, ते त्यांनी आधी मुलींना सांगितलं. काकूंनी आपलं सांगितलं. थोरलीच्या कॉलेजची फी, धाकटीचं पुढचं वर्ष, चाळीचं भाडं, हे सगळं त्या पहिल्यांदाच मुलींसमोर बोलल्या. मग चिठ्ठ्या टाकल्या. सरांच्या विरुद्ध बाकी तिघी. सरांनी चिठ्ठ्या परत मोजल्या, तेव्हा थोरली हसायला लागली, असं काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला आणि तो हेडमास्तरांकडे न देता स्वतः ठाण्याला जाऊन चेअरमनच्या हातात दिला. हा माझ्या घरातला निर्णय आहे, माझा नाही, असं त्यांना सांगून आले.

कमिटीची सभा झाली तेव्हा तो अर्ज निघताच चेअरमन खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. बाकीच्यांनी काय ते ठरवावं म्हणाले. सरांना मुदतवाढ मिळाली, आणि ती संपल्यावर आणखी एकदा मिळाली.

चेअरमन पुन्हा उभे राहिले नाहीत. पुढची निवडणूक आली तोवर सर निवृत्त होऊन घरी शिकवण्या घेत होते आणि थोरली मुलगी पदवीधर होऊन ठाण्याला एका कचेरीत लागली होती. तिनं नाव नोंदवलं होतं, वडिलांना न सांगता. हे सरांना कळलं ते पोस्टमननं दोन लिफाफे आणून दिले तेव्हा.

मी त्या रविवारी तिथेच होते. सर आपलं पाकीट घेऊन पुढच्या खोलीत बसले, मुलगी आपलं घेऊन मागच्या ओट्यावर गेली. सरांचं लवकर उरकलं. मग ते येरझाऱ्या घालू लागले. एकदा पाणी प्यायला म्हणून आत गेले, एकदा सुतळी शोधायला म्हणून गेले. काकू म्हणाल्या, "बसा बघू एका जागी."

बऱ्याच वेळानं मुलगी लिफाफा चिकटवून बाहेर आली आणि पायात चपला सरकवू लागली. पोस्टाची पेटी नाक्यावर होती. सर म्हणाले, दे, माझ्या लिफाफ्याबरोबर मी टाकतो. ती म्हणाली, मी टाकते. मग तेही छत्री घेऊन निघाले. मी दारातून बघत होते. ती पुढे, ते थोडे मागे. पेटीपाशी तिनं लिफाफा आत टाकला आणि पडल्याचा आवाज ऐकायला थांबली. सरांनी आपला टाकला.

परत आल्यावर ते कोट काढता काढता तिला म्हणाले, "कुणाला दिलंस ते विचारत नाही. आकडे कुठपर्यंत गेले तेवढं सांग."

"नाही सांगणार, बाबा," ती म्हणाली.

सर तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. त्या माणसाला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कोट खुंटीला लावून ते आत गेले आणि काकूंना म्हणाले, "ऐकलंस का? नाही सांगणार म्हणते."